स्पोर्ट्स कारला हिवाळी टायर लावले आणि तक्रारी सुरू झाल्या: साइज कुठे चुकली ते कसं शोधायचं

थंडी पडली की टायर बदलून आलेल्या स्पोर्ट्स कार माझ्यापुढे येतात त्या जवळपास एकाच कारणाने. टायर नवे कोरे, कंपनी चांगली, बसवणाराही जाणता, तरी गाडी घासते, थरथरते नाहीतर डॅशबोर्डवर दिवे लावते. मालकाला वाटतं टायर खराब निघाला. खरं तर टायर सहसा चांगलाच असतो, साइज चुकलेली असते. लोक रिमचे इंच जुळले की साइज जुळली असं धरून चालतात. साध्या गाडीत ते एखादवेळी खपून जातं. स्पोर्ट्स कारमध्ये ब्रेक मोठे, चाकाच्या कमानीत जागा कमी आणि पुढचे-मागचे टायर अनेकदा वेगळ्या रुंदीचे, त्यामुळे तिथे काहीच खपत नाही.

लक्षणं

खालीलपैकी काही दिसत असेल तर पुढचं वाचा.

- स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून घासल्याचा आवाज येतो, किंवा उंचवट्यावरून जाताना मागून खर्र होतं.
- गाडी थोडी चालली की एबीएस (ब्रेक लागल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) किंवा ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक घसरलं की ताकद कापणारी यंत्रणा) दिवा लागतो. बंद करून चालू केली की जातो आणि पुन्हा येतो.
- चारही चाकांना ताकद जाणारी गाडी हळू वळताना अडखळते, खालून तापल्याचा वास येतो.
- ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं, बॅलन्सिंग दोनदा करूनही थांबत नाही.
- स्पीडोमीटर आणि जीपीएसचा आकडा पूर्वीपेक्षा जास्त फटकतो.
- सरळ रस्त्यावर मागचा भाग डुलल्यासारखा वाटतो.
- बर्फाच्या चिखलात टायर जमीन धरत नाही, वर तरंगतो.

साइजशी संबंध नसलेली दोन लक्षणं आधीच बाजूला काढतो, कारण त्यांच्या मागे लागून लोक बरेच पैसे घालवतात. पहिलं, पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवताना पुढची चाकं टुणटुण उडी मारत सरकतात. रुंद उन्हाळी टायर थंडीत कडक झाले की हे होतं. पूर्ण वळणात आतलं आणि बाहेरचं चाक वेगळ्या वर्तुळात फिरायला बघतात. रबर कडक असल्यामुळे ते वाकून सामावून घेत नाही, घसरतं. गाडीवर अजून उन्हाळी टायर असतील आणि तक्रार एवढीच असेल, तर योग्य हिवाळी टायर लावल्यावर ती बहुतेक वेळा आपोआप जाते. दुसरं, नव्या हिवाळी टायरवर स्टिअरिंग जरा सैल वाटतं. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, नक्षी खोल आणि बारीक चिरांनी कापलेली असते. ती वळणात थोडी वाकणारच. पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये हे कमी होतं, पूर्ण जात नाही. डुलणं वेगाबरोबर वाढत असेल तर मात्र दुर्लक्ष करू नका.

सगळ्यात आधी हवा

तापमान १० अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण ०.१ बार, म्हणजे दीडएक पीएसआय उतरतो. उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेरच्या थंडीत कमी पडते. मग दिवा लागतो, गाडी डुलते आणि टायरची कड घासली जाते. म्हणून रात्रभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा.

किती भरायची ते टायरवर वाचू नका. टायरवर असतो तो कमाल दाब. आपला आकडा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात किंवा मॅन्युअलमध्ये असतो, आणि हिवाळी साइजसाठी तो अनेकदा वेगळा दिलेला असतो. नव्या चाकांमध्ये प्रेशर सेन्सर बसवलेले नसतील किंवा गाडीला ते ओळखून दिलेले नसतील, तर हवा बरोबर असूनही दिवा जाणार नाही. काही गाड्यांमध्ये सेन्सरच नसतो, त्या एबीएसच्या चाकवेगावरून अंदाज घेतात. तिथे टायर बदलल्यावर मेनूमध्ये जाऊन रिसेट करावं लागतं. काही तक्रारी इथेच मिटतात, आणि हवा मोजायला एक पैसाही लागत नाही.

मग टायरची बाजू वाचा

चारही टायरचे फोटो काढा. समजा लिहिलंय २४५/४५ आर १८ १०० व्ही. यात २४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या ४५ टक्के, १८ रिमचे इंच, १०० हा भार निर्देशांक आणि व्ही ही वेगाची श्रेणी.

भार निर्देशांकात तडजोड नाही. ९१ म्हणजे प्रति टायर ६१५ किलो, ९६ म्हणजे ७१०, १०० म्हणजे ८००. गाडीच्या कागदावर आहे त्यापेक्षा कमी आकडा चालत नाही, कारण जोरात ब्रेक लागल्यावर पुढच्या टायरवर स्थिर वजनापेक्षा कितीतरी जास्त भार येतो. वेगाच्या श्रेणीत हिवाळी टायरला थोडी मुभा असते. एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० किमी प्रतितास. युरोपातल्या अनेक देशांत कमी श्रेणीचा हिवाळी टायर चालतो. मात्र ती कमाल मर्यादा चालकाच्या नजरेसमोर स्टिकरवर लावावी लागते. वेगवान गाडीच्या मालकाने हे स्टिकर मनावर घ्यावं. एच श्रेणीचा टायर २४० ला नेणं म्हणजे त्याला मुद्दाम फोडायला घेणं.

बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह आहे का पाहा. टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत पास झाला असेल तरच ते मिळतं. नुसतं एम प्लस एस (चिखल आणि बर्फ) ही कंपनीची स्वतःची घोषणा असते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून तेवढ्यावर टायर हिवाळी धरला जात नाही.

फिरण्याच्या दिशेचा बाणही बघा. हिवाळी टायरची नक्षी बऱ्याचदा एकदिशी असते, खाचा पाणी आणि चिखल बाहेर ढकलतात. चाक उलट्या बाजूला गेलं की त्या खाचा चिखल आत ओढतात. टायर तरंगतो अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीचं साइजचं गणित मांडण्याआधी मी हा बाण बघतो. पुढे-मागे वेगळी रुंदी असेल तर चाकं पुढे-मागे फिरवता येत नाहीत, त्यामुळे डावं-उजवं चुकलं तर सरळ त्या दोघांची अदलाबदल करा. आणि खाचेची खोली मोजा. कायदेशीर किमान अनेक देशांत १.६ मिमी असली तरी बर्फासाठी ४ मिमीच्या खालचा टायर माझ्या लेखी संपलेला. ऑस्ट्रियात तर ४ मिमीच्या खालचा टायर हिवाळी मानतच नाहीत.

आता गाडीचा कागद

मॅन्युअलमध्ये किंवा उत्पादकाच्या मान्य टायर-यादीत तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी हिवाळी साइज शोधा. नेमक्या म्हणजे इंजिन, ब्रेकचा पर्याय आणि वर्ष धरून. एकाच नावाच्या गाडीत मोठ्या ब्रेकचं पॅकेज असलं की १८ इंची चाक बसत नाही, आणि साध्या ब्रेकच्या गाडीत आरामात बसतं.

ही यादी महत्त्वाची का? त्यातली प्रत्येक जोडी उत्पादकाने गाडीवर लावून पाहिलेली असते. कमानीत किती जागा उरते, स्थिरता प्रणाली कशी वागते, बर्फाची साखळी चालते की नाही, हे सगळं त्यात आलेलं असतं. यादीत सहसा असं दिसेल: रिम एक इंच लहान, रुंदी एक-दोन पायऱ्या कमी, साइडवॉल उंच. हीच माझीही पसंती. अरुंद टायरवर तेवढंच वजन कमी रुंदीत उतरतं, त्यामुळे तो सैल बर्फ आणि चिखल कापून खाली जातो, आणि पुढे ढकलायचा बर्फही कमी असतो. उंच साइडवॉल बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यापासून रिम वाचवते. कोरड्या थंड रस्त्यावर वळणाची धार थोडी कमी होते, ती किंमत मला मान्य आहे. पण अरुंदचा अर्थ वाटेल तितका अरुंद असा नाही. यादीतल्या सर्वात अरुंद साइजच्या खाली गेलात की भार निर्देशांक आणि व्यास दोन्ही हातचे जातात.

कागदाची पेन्सिलशी गाठ

यादी मिळत नसेल, किंवा टायर आधीच घेतले असतील, तर गणित मांडा. व्यास = रिमचे इंच × २५.४ + २ × रुंदी × टक्के ÷ १००. स्पोर्ट्स कारमध्ये भेटणारं एक नेहमीचं उदाहरण घेऊ. उन्हाळी टायर पुढे २४५/४० आर १९ आणि मागे २७५/३५ आर १९. पुढचा व्यास ६७८.६ मिमी, मागचा ६७५.१.

आता चारही चाकांना २४५/४५ आर १८ लावले, तर व्यास ६७७.७. पुढे ०.९ मिमी कमी, मागे २.६ मिमी जास्त. उत्तम जुळणी, आणि चारही सारखे असल्याने भारही सांभाळला असेल तर चाकं पुढे-मागे फिरवता येतात.

याच गाडीला कोणी २२५/४५ आर १८ लावले, कारण ‘१८ इंच, ४५ चाच टायर’ सापडला. व्यास ६५९.७, म्हणजे पुढच्या मूळ टायरपेक्षा १८.९ मिमी लहान, २.८ टक्के. आधीच खाली असलेली गाडी पुढून आणखी साडेनऊ मिमी खाली बसते, आणि स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी सत्त्याण्णवच्या आसपास असते. स्पीडोमीटरचं हे फटकणं निदान धोक्याच्या बाजूचं नाही. उलट बाजूचं फटकणं धोक्याचं. यूएनच्या नियम ३९ नुसार स्पीडोमीटरने प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. त्यामुळे मोठ्या व्यासाचा टायर लावून आकडा खाली आणणं जास्त घातक. मूळ व्यासापासून दीड टक्क्यापलीकडे मी जात नाही, आणि मोठ्या बाजूला शक्यतो अजिबात नाही.

एबीएसच्या दिव्याचं मूळ मात्र मूळ व्यासाशी असलेल्या फरकात क्वचितच असतं. ते पुढच्या-मागच्या फरकात असतं, आणि तिकडे फार थोडे लोक बघतात. समजा पुढे २४५/४५ आर १८ ठेवले आणि मागे ‘थोडे रुंद हवेत’ म्हणून २५५/४० आर १८ लावले. मागचा व्यास ६६१.२, पुढच्यापेक्षा १६.५ मिमी लहान. परिघात हा फरक प्रत्येक फेऱ्याला जवळपास ५२ मिमी होतो. एका किलोमीटरमध्ये मागचं चाक पुढच्यापेक्षा साधारण १२ फेरे जास्त मारतं. मूळ टायरवर ते सुमारे अडीचच जास्त मारत होतं. कंट्रोल युनिटला हे मागची चाकं सतत घसरत असल्यासारखं दिसतं. ते ताकद कापतं, ब्रेक लावतं आणि शेवटी दिवा लावून बाजूला होतं. चारचाकी-ड्राइव्ह गाडीत हा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचला सरळ महामार्गावरही सोसावा लागतो. तो वास तिथूनच येतो.

गणित बरोबर, दिवा तरीही? मग खडू

छापील साइज सारखी असली तरी दोन कंपन्यांचे टायर मोजल्यावर सारखे भरतीलच असं नाही. एक अर्धा झिजलेला, एक नवा असेल तर आणखी फरक. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, हवा बरोबर करा. पुढच्या टायरच्या तळाशी आणि जमिनीवर खडूची समोरासमोर रेघ ओढा. स्टिअरिंग सरळ ठेवून गाडी हळू ढकला, टायरवरची रेघ पूर्ण फेरा मारून पुन्हा तळाशी आली की जमिनीवर दुसरी रेघ ओढा. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे भाराखाली असलेल्या टायरचा खरा परिघ. चारही चाकांचं असंच मोजा.

सारख्या साइजचे चार टायर असतील तर आकडे जवळजवळ एक यायला हवेत. एकाच धुरीवरच्या (अ‍ॅक्सलवरच्या) दोन टायरमध्ये फरक दिसला तर जोडी तोडलेली आहे. त्या धुरीवर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्या झिजेचे टायर घाला. फक्त दोन हिवाळी टायर घेऊन मागच्या चाकांना लावलेल्या गाड्याही येतात. त्यात गाडी हलते खरी, पण पुढची चाकं वळत नाहीत आणि थांबतही नाहीत. चार म्हणजे चार.

घासण्याचा माग

आता टॉर्च घ्या. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, गाडी बंद करा आणि कमानीत बघा. घासलेली जागा लपत नाही. प्लास्टिकच्या अस्तरावर गुळगुळीत काळा पट्टा उमटतो, किंवा टायरच्या खांद्यावर रबर चकाकलेलं असतं. पट्टा आतल्या बाजूला, सस्पेन्शनच्या दांड्याजवळ असेल तर चाक फार आत गेलंय. बाहेर, फेंडरच्या कडेशी असेल तर फार बाहेर आलंय.

इथे दोष टायरच्या साइजचा कमी आणि रिमच्या ऑफसेटचा जास्त असतो. रिमवर ऑफसेट ईटी या अक्षरांनी लिहितात. त्यापुढचा आकडा म्हणजे रिमच्या रुंदीच्या मध्यापासून चाक हबला (ज्यावर चाक बोल्टने बसतं त्या भागाला) टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं मिलिमीटरमधलं अंतर. आकडा लहान झाला की चाक बाहेर येतं. मूळ रिम ८.५ जे (जेआधीचा आकडा म्हणजे रिमची इंचातली रुंदी), ईटी ३५ असेल आणि हिवाळी सेट ८ जे, ईटी २० मिळाला, तर रिम अर्धा इंच अरुंद असूनही तिची बाहेरची कड जवळजवळ पावणेनऊ मिमी बाहेर येते. ‘अरुंद रिम घेतली, मग घासते कशी?’ याचं उत्तर हे. रुंदी अर्ध्या इंचाने कमी करून ईटी तोच ठेवला असता तर दोन्ही कडा ६.३५ मिमी आत आल्या असत्या.

रिमची रुंदी टायरलाही मानवायला हवी. २४५/४५ आर १८ साठी ७.५ ते ९ इंच रुंदीची रिम चालते. मागची ९.५ जे रिम हाताशी आहे म्हणून तिच्यावर तो ताणून बसवला की रिमची कड उघडी पडते आणि साइडवॉलचा बर्फाशी काही उपयोग राहत नाही.

चाक काढायची वेळ

इथपर्यंत काही सापडलं नसेल, किंवा थरथर असेल, तर जॅक लागेल. सपाट कडक जमीन, हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना अडण, उत्पादकाने दाखवलेली जॅकची जागा आणि खाली स्टँड. यातलं एकही नसेल तर हा भाग सोडून थेट वर्कशॉप गाठा.

आधी मधलं भोक बघा. हबवर चाक घट्ट बसायला हवं. ६६.६ मिमीच्या हबवर ७२.६ मिमी भोकाची रिम नुसती बोल्टांवर लटकते आणि थोडी बाजूला सरकून घट्ट होते. मशीनवर बॅलन्स अगदी बरोबर, रस्त्यावर मात्र थरथर, याचं नेहमीचं कारण हेच. योग्य मापाची सेंटरिंग रिंग घातली की संपलं. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा. गंजाचा पापुद्राही चाक तिरकं बसवतो.

मग बोल्टचं डोकं. काही गाड्यांच्या मूळ रिमना गोलाकार बैठकीचा बोल्ट लागतो आणि बाहेरच्या रिमना शंकूच्या आकाराचा. मूळ बोल्ट नव्या रिममध्ये गेले तर कडेच्या एका बारीक रेषेवरच टेकतात. पान्ह्याला घट्ट लागतात आणि चालताना सैल होतात. हे दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, योग्य बोल्ट येईपर्यंत हलवू नका.

शेवटी कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती पकडणारा भाग. चाक लावून बोल्ट हाताने आवळा, गाडी खाली घेण्याआधी चाक हाताने पूर्ण फिरवा आणि कान द्या. आऱ्या आणि कॅलिपर यांत ३ मिमीपेक्षा कमी जागा असेल तर मला ते चाक नको, कारण ब्रेक तापल्यावर आणि आऱ्यांच्या आत बर्फ गोठल्यावर ती जागा आणखी घटते. रिमचे इंच तेच असले तरी आऱ्यांचा बाक वेगळा असतो, म्हणून एका १८ इंची रिमचा अनुभव दुसरीला लावता येत नाही. स्पेसर (हब आणि चाक यांमधली चकती) घालून ही जागा काढू नका. त्याने ऑफसेट बदलतो आणि फेंडरशी घासणं सुरू होतं.

बर्फाची साखळी लागणार असेल तर तिच्यासाठी आत किती जागा उरते तेही आत्ताच बघा. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये साखळी फक्त एका ठरावीक अरुंद साइजवर आणि फक्त इंजिनची ताकद जाणाऱ्या धुरीच्या चाकांवर मान्य असते. बाकी साइजवर ती ब्रेकची नळी कापू शकते.

चाक परत लावताना बोल्ट टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्याला, समोरासमोरच्या जोडीने आवळा. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

इथे थांबा

घासून टायरच्या साइडवॉलमधले धागे दिसायला लागले असतील किंवा फुगा आला असेल तर त्या टायरवर गाडी घरापर्यंतही नेऊ नका, उचलून न्या. ब्रेकच्या नळीवर किंवा सेन्सरच्या तारेवर घासल्याची खूण असेल तरीही तेच. परिघ जुळलेले असूनही एबीएसचा दिवा येत असेल तर स्कॅनर लावून कोणत्या चाकाचा कोड आहे ते बघणाऱ्याकडे जा. अंदाजाने सेन्सर बदलत बसू नका. चारचाकी-ड्राइव्ह गाडी चुकीच्या टायरवर चालली असेल आणि टायर बदलल्यावरही वळणात अडखळत असेल, तर मधल्या क्लचचं तेल आणि झीज तपासणं घरचं काम नाही. पुढे-मागे एकच रुंदी करायची असेल आणि उत्पादकाच्या यादीत तशी जोडी नसेल, तर स्थिरता प्रणाली जाणणाऱ्या माणसाचा होकार आणि जिथे लागते तिथे नोंदणीची परवानगी घेतल्याशिवाय टायरची ऑर्डर देऊ नका. कमान घासून किंवा ठोकून जागा करण्याचा सल्ला कोणी दिला तर नकार द्या. टायर बदलता येतो.

जाताना सोबत चारही टायरच्या बाजूंचे फोटो, रिमच्या आतल्या बाजूला कोरलेले जे आणि ईटीचे आकडे, खडूने मोजलेले चार परिघ आणि लक्षण कोणत्या वेगाला, कोणत्या वळणात येतं ते लिहून न्या.